थंडी किती यापेक्षा थंडी कशी? देशोदेशीचे हिवाळे आणि बर्फावरचे खेळ

कालवाकाठी

मी नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगनजवळ राहते. इथला हिवाळा म्हणजे मुख्यतः पाऊस, वारा आणि दुपारी साडेचारलाच दाटून येणारा अंधार. पारा बहुतेक दिवस शून्याच्या वरच असतो. डोंगर औषधालाही नाही. तरीही २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये लाँग ट्रॅक, म्हणजे ४०० मीटरच्या मोठ्या धावपट्टीवरच्या स्पीड स्केटिंगची एकूण ३६ पदकं होती, त्यातली २३ या एवढ्याशा देशाने नेली. स्कीइंगच्या यादीत मात्र यांचं नाव शोधावं लागतं. जिथे थंडी जास्त तिथे हिवाळी खेळ जास्त, एवढं सरळ गणित असतं तर हे घडलं नसतं.

बरंच वाचल्यावर आणि शेजारच्या म्हाताऱ्या मंडळींशी बोलल्यावर मला असं वाटायला लागलंय, की कोणत्या देशात कोणता खेळ रुजणार हे पारा किती उतरतो यावर कमी ठरतं. तिथला हिवाळा जमिनीवर काय ठेवून जातो, यावर जास्त. वरून पडणारा भुसभुशीत स्नो, की जागच्या जागी गोठलेलं पाणी? उतार, की सपाटी? दरवर्षी खात्रीने, की क्वचित कधीतरी?

इथे वारा बहुतेक वेळ पश्चिमेचा, अटलांटिकवरून समुद्राची ऊब घेऊन येणारा. कधीतरी स्कँडिनेव्हियावर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडतो, वारा फिरून पूर्वेचा होतो आणि खंडाच्या पोटातली कोरडी, बोचरी थंडी इकडे येते. कालवे, शेतांमधले चर आणि उथळ तळी सगळी संथ पाण्याची, त्यामुळे ओळीने काही रात्री कडक गेल्या की पाणी धरायला लागतं. मात्र त्याच वेळी स्नो पडला तर पंचाईत होते. ताज्या स्नोमध्ये हवा भरपूर अडकलेली असते, तो बर्फावर गोधडीसारखा पसरतो आणि खालचं पाणी गोठण्याचा वेग मंदावतो. बाकीच्या जगात मुलं स्नोची वाट बघतात, इथले स्केटर तो पडू नये म्हणून आभाळाकडे बघत असतात.

म्हणजे या देशाला मिळतं ते सपाट, गावोगाव जोडलेलं, गोठलेलं पाणी. त्यावर सुचणारा खेळ एकच, लांब पल्ल्याचं स्केटिंग. सतराव्या शतकातल्या हेंड्रिक अव्हरकाम्पच्या चित्रांत पाहा, अख्खं गाव बर्फावर उतरलेलं दिसतं. श्रीमंत, गरीब, बायका, पोरं, मालाची घसरगाडी ओढणारे मजूर, सगळे. तो काळ युरोपातल्या विशेष थंड शतकांचा होता.

आणि याचा कळस म्हणजे एल्फस्टेडनटोख्त. फ्रीसलँड प्रांतातल्या अकरा शहरांमधून जाणारी, लेवार्डनला सुरू होऊन तिथेच संपणारी सुमारे २०० किलोमीटरची शर्यत. पहिली अधिकृत शर्यत १९०९ साली झाली. ती धरून आजवर ती फक्त १५ वेळा होऊ शकली, शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. सबंध मार्गावर बर्फ किमान १५ सेंटीमीटर जाड हवा, ही अट. मार्गाच्या प्रत्येक टापूला एक प्रमुख असतो, तो बर्फाला भोक पाडून जाडी मोजतो. पुलांखाली पाणी नीट धरत नाही, तिथे काठावर सतरंज्या अंथरतात आणि लोक स्केट पायात असतानाच चालत तेवढा भाग ओलांडतात. मध्यरात्रीच्या आत पोचणाऱ्याला एक लहानसा क्रूस मिळतो. इथल्या कित्येक घरांत तो आजोबांच्या फोटोशेजारी लावलेला असतो.

१९६३ ची शर्यत लोक अजून सांगतात. पहाटे उणे १८ च्या आसपास तापमान, ईशान्येचा झोंबणारा वारा, वाटभर उडून साचलेला स्नो. हौशी गटात नऊ हजारांहून जास्त लोक निघाले आणि ६९ पोचले. जिंकणारे राइनियर पापिंग पुढे आयुष्यभर त्या एका दिवसासाठी ओळखले गेले. १९८५ आणि १९८६ ला लागोपाठ जिंकणारे एव्हर्ट फान बेंथम शेतकरी. १९९७ चे विजेते हेंक आंखेनेंट ब्रसेल्स स्प्राउट पिकवणारे. आजचे राजे विलेम-अलेक्झांडर १९८६ ला युवराज असताना दुसऱ्याच नावाने उतरले होते आणि त्यांनी अंतर पूर्ण केलं.

फेब्रुवारी २०१२ मध्ये सगळं अगदी जवळ आलं होतं. दक्षिण फ्रीसलँडमध्ये जाडी पुरली नाही आणि संयोजकांनी नकार जाहीर केला. त्यानंतर इतकं जवळ कधी आलेलं नाही.

तुम्ही जगात जिथे कुठे आहात तिथला हिवाळा काय देतो आणि लोक त्यावर काय खेळतात, ते सविस्तर लिहा. पदकांपेक्षा साधी माणसं काय खेळतात यात मला जास्त रस आहे.

---

मृण्मयी_ओटावा

फार आवडलं लिखाण. १५ सेंटीमीटर वाचून आमचा रिडो कालवा आठवला. ओटावा शहराच्या मधोमध ७.८ किलोमीटरचा पट्टा हिवाळ्यात स्केटिंगसाठी खुला करतात, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून. इथे ३० सेंटीमीटर लागतात, कारण बर्फ साफ करणारी अवजड यंत्रं आणि खाण्याच्या टपऱ्याही त्यावरच उभ्या राहतात. लोक ऑफिसला स्केट करत जातात, बॅग पाठीला लावून. वाटेत बीव्हरटेल खायचं, म्हणजे तळलेल्या पिठाची लांबट चपटी पोळी, वर साखर आणि दालचिनी.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात कालवा एकही दिवस उघडला नाही. सुरुवात झाल्यापासून पहिल्यांदाच. पुढच्या वर्षीही मोजकेच दिवस मिळाले. त्यानंतर २०२५ ला पुन्हा चांगला हंगाम आला, तेव्हा पहिल्या दिवशी लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते.

पण कॅनडाचा खरा खेळ कालव्यावरचा नाही, परसातला आहे. इथली थंडी डचांसारखी लहरी नसते. ती महिनोन्महिने मुक्काम करते. त्यामुळे बाप माणूस नोव्हेंबरात परसात फळ्यांची चौकट ठोकतो, रात्री पाइपने पाण्याचे थर देतो आणि मार्चपर्यंत पोरं त्यावर आइस हॉकी खेळतात. आइस हॉकीचा दिग्गज वेन ग्रेट्झ्की ऑन्टारियोतल्या ब्रँटफर्डला वडिलांनी अशा प्रकारे बनवलेल्या बर्फावरच घडला. लहान जागा, कमी खेळाडू, जवळजवळचे पास. कालवाकाठी म्हणतेय ते इथे पटतं. तिथे लांबच लांब पाणी म्हणून लांब पल्ला, इथे चौकोनी परस आणि टिकणारी थंडी म्हणून हॉकी.

एका विद्यापीठाने २०१३ पासून रिंकवॉच नावाचा उपक्रम चालवला आहे. आपापल्या परसातल्या बर्फावर आज स्केटिंग करता आलं का, एवढंच लोकांनी कळवायचं. त्यातून हिवाळा कसा बदलतोय याची नोंद तयार होते. आम्हीही कळवतो.

आणि कॅनडा म्हणजे सगळीकडे सारखं नाही. व्हँकुव्हरला पॅसिफिकचा पाऊस. तिथे परसात बर्फ धरणं जवळपास अशक्य, मुलं बंदिस्त रिंकमध्येच शिकतात.

---

गोदातीर

धागा छान आहे, पण हवामानाला तुम्ही जरा जास्त श्रेय देताय असं वाटतं. स्केलेटन, म्हणजे छोट्या घसरगाडीवर पालथं झोपून डोकं पुढे ठेवून उतरायचा खेळ, त्याचा बर्फाचा एकही ट्रॅक ब्रिटनमध्ये नाही. बाथ विद्यापीठात फक्त धावत सुरुवात करण्याचा सराव होतो, तोही बर्फाशिवाय. तरी महिलांच्या स्केलेटनमध्ये २०१०, २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदकं त्यांची. स्लॅलम, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या स्की शर्यतीचे आजचे नियम १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेनला बसवले गेले ते आर्नल्ड लन या इंग्रज माणसाच्या पुढाकाराने. सुट्टीला जाणारे, हातात पैसा असलेले लोक. जर्मनीने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बॉबस्ले, ल्यूज आणि स्केलेटन या घसरगाड्यांच्या खेळांत मिळून १० पैकी ९ सुवर्ण जिंकली, कारण त्यांच्याकडे यंत्राने गोठवलेले अनेक ट्रॅक आहेत. त्यात थंडीचं काय कर्तृत्व? पैसा, सोय आणि शिस्तबद्ध प्रशिक्षण, बाकी सगळं दुय्यम.

---

कालवाकाठी

मृण्मयी, रिंकवॉच मला माहीत नव्हतं, खूप आभार. ते परसाचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं.

>>> पैसा, सोय आणि शिस्तबद्ध प्रशिक्षण, बाकी सगळं दुय्यम <<<

गोदातीर, पदकांबाबत तुमचं पूर्ण मान्य. डचांची पदकंही नैसर्गिक बर्फाने दिलेली नाहीत. अ‍ॅमस्टरडॅमला १९६१ मध्ये ४०० मीटरचा कृत्रिम ट्रॅक झाला, हेरेनवेनचं थियाल्फ हे स्केटिंगचं मैदान १९८६ मध्ये छताखाली आलं, आणि त्यानंतर शिस्तीत सराव करता येऊ लागला. पण प्रश्न असा, की याच देशाने एवढा पैसा स्केटिंगवरच का ओतला? ब्रिटनमध्ये किती आयांनी आपल्या मुलांना स्केलेटन शिकायला पाठवलं असेल? इथे मात्र मुलं खुर्ची ढकलत ढकलत बर्फावर उभं राहायला शिकतात, आणि थियाल्फमध्ये शर्यत असली की अख्खं प्रेक्षागृह केशरी होऊन गातं. पैशाने विजेता घडवता येतो. बारा हजार माणसं दोन तास थंडीत उभी राहतात ती आजोबांच्या गोष्टी ऐकून वाढलेली असतात म्हणून.

आणखी एक. छोट्या गावांचे स्केटिंग क्लब सपाट मैदानावर पाण्याचा पातळ थर सोडतात. तीन सेंटीमीटर बर्फ सर्वांत आधी ज्या गावाला धरेल, तिथे मोसमातली नैसर्गिक बर्फावरची पहिली मॅरेथॉन होते. नोर्डलारन, हाक्सबेर्खन, विंटर्सवाइक अशी नावं दर हिवाळ्यात त्या चुरशीत असतात. रात्रभर जागून माणसं पाणी फवारतात. हे कुठल्याही सरकारी निधीतून येत नाही.

---

फ्योर्डवासी

ऑस्लोहून हजेरी.

नॉर्वेत स्की हे आधी वाहन होतं. दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली शेतं, पाच महिने जमिनीवर स्नो, शाळेत जायचं तर स्की, शिकारीला जायचं तर स्की. टेलेमार्कमधल्या मोर्गेदाल गावच्या सोंद्रे नोरहाइमने एकोणिसाव्या शतकात टाचेभोवती घट्ट बसणारं बांधण बनवलं, त्यामुळे वळणं आणि उड्या घेता येऊ लागल्या. होल्मेनकोलनची स्पर्धा १८९२ पासून सुरू आहे.

आजही ऑस्लोत हिवाळ्यातल्या रविवारी मेट्रोची १ नंबरची गाडी स्की घेतलेल्या माणसांनी भरलेली असते. शेवटच्या फ्रोग्नरसेतेरेन स्टेशनला उतरायचं आणि थेट नूरमार्काच्या जंगलात शिरायचं. वाटांवर दिवे असतात, संध्याकाळी कामावरून सुटल्यावरही लोक तासभर जाऊन येतात. ५५ लाखांच्या देशाने बीजिंगला १६ सुवर्ण मिळवली त्यामागे ही गर्दी आहे.

पण कालवाकाठीच्या मुद्द्याला सगळ्यात चांगला पुरावा बर्गेनचा आहे. बर्गेन ऑस्लोच्याच अक्षांशावर. पण पश्चिम किनाऱ्यावर, अटलांटिकच्या उबदार प्रवाहाजवळ. तिथे हिवाळ्यात धो धो पाऊस. माझा तिथला सहकारी छत्री आणि रेनकोटबद्दल जेवढ्या आत्मीयतेने बोलतो तेवढ्या स्कीबद्दल बोलत नाही. स्कीला जायचं तर बर्गेनकर ट्रेन पकडून वर डोंगरात जातात. एकाच देशात, एकाच अक्षांशावर एवढा फरक.

शेजारी स्वीडनमध्ये वासालोपेत ही ९० किलोमीटरची स्की शर्यत १९२२ पासून होते. ती स्नोअभावी १९३२, १९३४ आणि १९९० ला रद्द करावी लागली. म्हणजे उत्तरेलासुद्धा वाईट हिवाळे पूर्वीपासून येत होते. आता फरक असा की वाटेवर यंत्राचा स्नो अंथरून ती पार पाडतात. दोन्ही बाजूंना हिरवं-तपकिरी रान आणि मधून पांढरी पट्टी, असे फोटो बघायला मिळतात. मला ते बघून वाईट वाटतं.

---

सप्पोरोची_सई

स्नो हवा असेल तर जपानला या :)

इथलं हवामान समजून घेतलं तर कालवाकाठीचं म्हणणं आणखी ठळक होतं. हिवाळ्यात सायबेरियातून कोरडा, गोठवणारा वारा निघतो. तो जपानच्या समुद्रावरून येतो आणि त्या समुद्रात दक्षिणेकडून उबदार प्रवाह आलेला असतो. वारा वाटेत भरपूर बाष्प उचलतो, होन्शू आणि होक्काइदोच्या डोंगरांना थडकतो आणि सगळं ओझं तिथेच टाकतो. आपल्या सह्याद्रीवर पावसाळ्यात जे होतं तेच इथे हिवाळ्यात स्नोच्या रूपात होतं. डोंगराच्या या बाजूला निगाता, जिथे घरांच्या पहिल्या मजल्याची खिडकी बुजते. पलीकडे तोक्यो, निरभ्र आकाश आणि कोरडी हवा. बुलेट ट्रेनने दीड तासाच्या आत माणूस या हिवाळ्यातून त्या हिवाळ्यात जातो. गाला युझावाला तर स्टेशनच्या इमारतीतूनच स्कीच्या उतारावर जाता येतं.

मात्र एवढा स्नो शतकानुशतकं पडत असूनही स्कीइंग हा खेळ म्हणून इथे आला तो १९११ मध्ये, थिओडोर फोन लेर्ख या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने निगातामधल्या ताकादाला सैनिकांना शिकवलं तेव्हा. त्याआधी लोकांसाठी स्नो म्हणजे छपरावरून उपसायचं काम. त्यामुळे गोदातीर म्हणतात त्यातही तथ्य आहे. हवामान साहित्य पुरवतं, खेळ कुणीतरी आणून द्यावा लागतो. पण एकदा आणल्यावर तो किती वेगाने पसरला ते बघा. १९७२ च्या सप्पोरो ऑलिंपिकमध्ये लहान टेकडीवरच्या स्की जंपिंगची तिन्ही पदकं जपानची होती. आमचं शहर जवळपास २० लाख वस्तीचं, आणि एका हिवाळ्यात साधारण पाच मीटर स्नो पडतो. एवढं मोठं शहर आणि एवढा स्नो, असं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

आता कोरिया घ्या. तोच सायबेरियाचा वारा, पण सोलपर्यंत येताना त्याला जपानएवढा समुद्र लागत नाही. त्यामुळे तिथे थंडी कडक, पण कोरडी. नदी गोठते, स्नो मात्र बेताचा. जुन्या काळी सोलमध्ये हान नदीच्या बर्फावर स्केटिंग चालायचं. कोरियाचं पहिलं हिवाळी सुवर्ण १९९२ मध्ये किम की-हूनने जिंकलं ते शॉर्ट ट्रॅक, म्हणजे छोट्या धावपट्टीवरच्या स्केटिंगमध्ये, आणि आजही त्यांची बहुतेक पदकं स्केटवरचीच. एकच वारा. एका देशाला स्की दिली, दुसऱ्याला स्केट.

---

कालवाकाठी

सई, शेवटचं वाक्य या धाग्याचं शीर्षक व्हायला हवं होतं. कोरियाचा विचार मी या अंगाने केलाच नव्हता.

---

सातारी_फौजी

मुलांनो, छान चाललंय. सगळे परदेशाचं लिहिताय, मी आपल्या देशाचं लिहितो. फौजेत असताना काश्मीर आणि लडाख दोन्हीकडे हिवाळे काढले. सईताईंनी जपान-कोरियाचं सांगितलं, तसंच आपल्याकडे काश्मीरमधून लडाखात नेणारी झोजी ला खिंड ओलांडताना दिसतं.

गुलमर्गला हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ ओलावा आणतात. पीर पंजालच्या कुशीत तो स्नो होऊन पडतो. गाव २,६५० मीटरवर, आणि गंडोला म्हणजे रोपवे माणसाला अफारवटच्या खांद्यावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो. उतार आणि स्नो दोन्ही हाताशी, म्हणून तिथला पोरगा स्कीवर वाढतो. आरिफ खान त्याच भागातला. २०२२ ला बीजिंगला भारताकडून गेलेला तो एकमेव खेळाडू.

झोजी ला ओलांडून लडाखात गेलात की सगळं बदलतं. लेह ३,५०० मीटरवर, वर्षभराचा पाऊस आणि स्नो मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. थंडी गुलमर्गपेक्षा कितीतरी कडक, पण पडायला ढगात काही नाही. मग तिथे काय होतं? तळी गोठतात. लोक शेतात, मैदानात पाणी सोडतात आणि सकाळी काचेसारखा बर्फ तयार. म्हणून लडाखचा खेळ आइस हॉकी. लष्कराच्या जवानांनी तो तिथे खेळायला सुरुवात केली, त्यांचं बघून स्थानिक पोरांनी उचलला. सुरुवातीला पोरं बुटांना लोखंडी पाती ठोकून खेळायची. गुपुकच्या तळ्यावर सामना असला की काठावर अख्खी गावं. आज्जीबाई हातात जपमाळ घेऊन बसलेल्या, आणि गोल झाला की सर्वांत मोठा आवाज त्यांचाच.

भारताच्या महिला आइस हॉकी संघात बहुतांश मुली लडाखच्या आहेत. २०२५ मध्ये त्यांनी संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनला आशिया-ओशनिया स्पर्धेत कांस्य मिळवलं. त्या मुलींना नैसर्गिक बर्फ वर्षाकाठी दोन महिने मिळतो, फार तर थोडा जास्त. मला त्या पोरींचा मनापासून अभिमान आहे.

शिमल्यातला रिंक विसरू नका. १९२० पासूनचा, नैसर्गिक थंडीवर चालणारा. रात्री पाणी शिंपडून थर चढवतात. त्याला आभाळ मोकळं लागतं. ढग आले की रात्रीची उष्णता वर निघून जात नाही आणि बर्फ धरत नाही. तिथला हंगाम पूर्वीपेक्षा फार आखडला आहे.

---

गोदातीर

फौजीकाका, तुमच्या प्रतिसादाने माझं मत बरंच हललं. गुलमर्ग आणि लेह दोन्हीकडे पैसा आणि सोय तेवढीच कमी, तरी खेळ वेगळे. याला हवामानाखेरीज दुसरं उत्तर नाही.

मग एक प्रश्न. जिथे नैसर्गिक थंडी मुळीच नाही, तिथल्या मुलांनी काय करायचं? शिवा केशवन मनालीचा, पण ल्यूजचा ट्रॅक देशात नाही म्हणून तो चाकं लावलेल्या गाडीवरून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर सराव करायचा. आणि १९९८ ते २०१८ सहा ऑलिंपिक खेळला.

---

चाकांवरची_आई

गोदातीर, याचं उत्तर आमच्या घरात आहे! मुलगी पुण्यात रोलर स्केटिंग करते. पहाटे साडेपाचला रिंकवर, मग शाळा. इनलाइन स्केटची एका ओळीतली चाकं आणि बर्फावरच्या स्केटचं पातं, दोन्हींत पायाचा ढकलण्याचा कोन आणि वाकून बसण्याची ढब बरीच सारखी असते. म्हणूनच खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धेत बर्फावरच्या स्केटिंगमध्ये महाराष्ट्राची मुलं पदकं मिळवून येतात. ज्या राज्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की बातमी होते, त्या राज्यातली ही मुलं.

फरक जाणवतो तो वळणावर. बर्फावर पात्याची कड रुतवून झुकता येतं, चाकांवर तेवढा भरवसा नसतो. आणि थांबायची पद्धत तर पूर्णच वेगळी.

मुलीला या हिवाळ्यात खऱ्या बर्फावर न्यायचं आहे. फौजीकाका, लेहला न्यावं की गुलमर्गला? आणि कधी?

---

ढगांची_नोंद

हवामानशास्त्र शिकवतो, म्हणून यंत्राच्या स्नोबद्दल थोडं.

स्नो बनवायला फक्त थंडी पुरत नाही, हवेतला ओलावाही बघावा लागतो. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापीवर येतं ते तापमान साधारण उणे २ च्या खाली असेल तर बारीक फवारलेले थेंब जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. हवा कोरडी असेल तर थेंबांचं बाष्पीभवन जास्त होतं, ते आणखी गार होतात आणि काम सोपं होतं. म्हणजे ज्या कोरड्या थंडीत आभाळातून काही पडत नाही, तीच थंडी यंत्राला सर्वांत मानवते. प्याँगचांग २०१८ आणि बीजिंग २०२२ यंत्राच्या स्नोवर निभावले ते यामुळेच. याउलट व्हँकुव्हर २०१० बघा, दमट आणि उबदार किनारा. सायप्रस माउंटनवर यंत्रंही हतबल झाली आणि ट्रक, हेलिकॉप्टरने स्नो वाहून आणावा लागला.

यातून आल्प्सची अडचण लक्षात येईल. तिथली कमी उंचीवरची गावं शून्याच्या अगदी काठावर आहेत. दीड-दोन अंश वाढले की स्नोऐवजी पाऊस पडतो, आणि त्याच रात्री यंत्रही चालवता येत नाही. लेहसारख्या ठिकाणी दोन अंश वाढले तरी जानेवारीत तळं गोठेलच, हंगाम मात्र दोन्ही टोकांनी आखडेल. काठावरच्या जागांना धोका सर्वांत मोठा. शिमला, उत्तराखंडातलं औली, गुलमर्गचा खालचा भाग आणि नेदरलँड्स, चारही त्यात येतात.

वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी पूर्वीच्या २१ यजमान शहरांचा अभ्यास केला. उत्सर्जन असंच भरमसाट राहिलं तर शतकाच्या अखेरीस भरवशाचं म्हणून एकच शहर उरतं, सप्पोरो. सई, तुमचं शहर. सायबेरिया गार आणि समुद्र उबदार असेपर्यंत तो कारखाना चालू राहील. उत्सर्जन कमी झालं तर मात्र यादी बरीच मोठी राहते, हेही त्याच अभ्यासात आहे.

---

फ्योर्डवासी

>>> काठावरच्या जागांना धोका सर्वांत मोठा <<<

याच्याशी सहमत, आणि भीती पुढची आहे. स्नो डोंगरावर उंच सरकला की खेळ महाग होतो. दारातून स्की घालून निघणं वेगळं आणि गाडी काढून, हॉटेल घेऊन, पास काढून जाणं वेगळं. नॉर्वेत आजवर हा सगळ्यांचा खेळ राहिला तो स्नो दारात पडतो म्हणून.

---

कालवाकाठी

फ्योर्डवासी, इथे तसंच झालंय. एल्फस्टेडनटोख्तची हौस भागवायला डच लोक दरवर्षी ऑस्ट्रियातल्या वाइसनझे तळ्यावर जातात. तिथे १९८९ पासून त्याच २०० किलोमीटरची शर्यत होते, तळ्याला फेऱ्या मारून. ज्याला सुट्टी आणि खर्च परवडतो तो जातो. १९९७ ला मात्र शाळेतला शिपाई, दूधवाला, डॉक्टर सगळे एकाच पहाटे लेवार्डनच्या अंधारात एकत्र उभे होते.

तरी लोकांनी तो मार्ग सोडलेला नाही. सायकलवर दरवर्षी करतात. २०१९ मध्ये मार्टन फान डर वाइडन या ऑलिंपिक विजेत्या जलतरणपटूने तो सगळा मार्ग पोहून पार केला, कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवत. २०२१ च्या फेब्रुवारीत एक आठवडा कडक थंडी पडली तेव्हा आमच्या मागच्या चरावर पहाटेपासून गर्दी होती. जाणत्यांनी काठीने बर्फ ठोकून आवाज ऐकला, मगच पोरांना सोडलं. हे ठोकून ओळखणं पुढच्या पिढीला कुणी शिकवायचं, ही काळजी माझ्या शेजारणीने बोलून दाखवली. तिच्या मुलीने अजून एकही मोठा हिवाळा पाहिलेला नाही.

---

सातारी_फौजी

चाकांवरची आई, तुमच्या लेकीला स्केट करायचं आहे तर लेहच. गुलमर्ग स्कीसाठी, आणि तिथला भरवसा आता कमी झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये चिल्लई कलां, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीच्या ऐन चाळीस दिवसांत तिथे गवत दिसत होतं. २०२५ ची खेलो इंडिया फेब्रुवारीत स्नो नव्हता म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावी लागली.

लेहला जानेवारीचा मधला काळ धरा. विमानाने जाल तर पहिले दोन दिवस मुलीला अजिबात स्केट घालू देऊ नका, नुसती विश्रांती आणि भरपूर पाणी. डोकं दुखलं, उलटी झाली तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टर गाठा. सरावाला सकाळ बरी. दुपारी ऊन कडक असतं आणि बर्फाचा वरचा थर मऊ पडतो. पात्याला धार लावून न्या, कारण चाकांची सवय असलेली मुलं धारेकडे लक्ष देत नाहीत. लोकरीचे मोजे एकच जोड, दोन घातले तर बूट आवळतो आणि बोटं बधिर होतात. हेल्मेट हवंच.

आणि तिथल्या मुलींबरोबर तिला खेळू द्या. त्या फार लवकर सामावून घेतात. निघण्याआधी मला निरोप टाका, लेहमधल्या ओळखीच्या घरी राहायची सोय बघतो.